समोरासमोरच्या दोन खुर्च्या

‘गटे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला होता ना हो मॅडम?’ जर्मनच्या पहिल्याच तासाला कोणीतरी हा प्रश्न विचारायचेच. एकतीस वर्षे पुण्यात जर्मन शिकवले, आणि एकही वर्ष हा प्रश्न चुकला नाही. मी सांगायचे, नाचल्याची गोष्ट ही आपली आवडती दंतकथा. खरे एवढेच की गेओर्ग फोर्स्टरने इंग्रजीवरून जर्मनमध्ये आणलेले शाकुंतल कवी गटेने १७९१ साली वाचले, भारावून चार ओळींची कविता लिहिली, आणि पुढे ‘फाउस्ट’ला नाटक सुरू होण्याआधीचा प्रवेश जोडला, तो कालिदासाच्या सूत्रधार-नटीवरून सुचून. मुले हिरमुसायची. त्यांना नाच हवा असायचा.

याच गटेने पासष्टीच्या सुमारास अरबी अक्षरे गिरवली, हे मात्र मला कधी कोणी विचारले नाही. मलाही ते उशिराच कळले. एका जर्मन पुस्तकात त्याच्या सरावाच्या कागदाचे चित्र होते. आमच्या स्टाफरूममध्ये फार्सी शिकवणाऱ्या बाई शेजारच्याच टेबलावर बसत. मी पुस्तक त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, ‘पहिलीतल्या मुलाचं अक्षर आहे हो. पण मन लावून काढलंय. घाई नाहीये त्यात.’

युरोपात इस्लामबद्दल आस्था दाखवणारे विद्वान पुष्कळ झाले. पण जगभर नाव झालेला, वायमार राज्याचा मंत्री असलेला म्हातारा माणूस पहिलीतल्या मुलासारखा उजवीकडून डावीकडे अक्षरे काढत बसतो, हे मला त्या सगळ्यांपेक्षा वेगळे वाटते.

याची सुरुवात तरुणपणी झाली होती. स्ट्रासबुर्गला १७७० मध्ये हेर्डर या लेखकाची गाठ पडली आणि त्याने गटेला दूरदूरच्या लोकांचे काव्य वाचायची गोडी लावली. गटेने कुराण भाषांतरातून वाचले, त्यातले उतारे उतरवून काढले. प्रेषित मुहंमदांवर नाटक लिहायला घेतले. ते पुरे झाले नाही, पण त्यातले एक गीत उरले. त्यात प्रेषित म्हणजे डोंगरात उगम पावणारा झरा. वाटेतले ओढेनाले सामावून घेत तो नदी होतो आणि समुद्राकडे जातो. लिहिणारा तेव्हा विशी-पंचविशीत होता.

पुढे मोठी गंमत झाली. व्हॉल्तेरने मुहंमदांना ढोंगी आणि क्रूर ठरवणारे एक नाटक लिहिले होते. वायमारच्या ड्यूकला फ्रेंच नाटकांचा शौक. त्याने गटेला सांगितले, हे आपल्या रंगभूमीसाठी जर्मनमध्ये आण. मालकाचा शब्द! गटेने आणले, आणि १८०० च्या जानेवारीत त्याचा प्रयोगही झाला. आठ वर्षांनी एरफुर्टला नेपोलियनची भेट झाली, तेव्हा नेपोलियनने हे नाटक वाईट आहे असे तोंडावर सांगितले. ज्याने झऱ्याचे गीत लिहिले त्याच्याच हातून हे भाषांतर व्हावे, आणि त्यावर कान टोचावेत ते नेपोलियनने!

मग आले १८१३. नेपोलियनची फौज लाइपझिगजवळ हरली. त्याच सुमारास स्पेनच्या मोहिमेवरून परतलेल्या वायमारच्या सैनिकांबरोबर अरबी अक्षरांचा एक कागद गटेकडे आला. जवळच्या येना गावातल्या प्राच्यविद्येच्या प्राध्यापकाकडून उलगडा झाला, की ही कुराणाची शेवटची, ११४ वी सूरा. फक्त सहा आयतींची. माणसाच्या मनात कुजबुजणाऱ्या दुष्टाव्यापासून देवाचा आसरा मागणारी. स्टाफरूममधल्या बाईंनी ती मला वाचून दाखवली होती. सहाही आयतींचा शेवट ‘नास’ या एकाच नादावर होतो. नास म्हणजे माणसे. एका ठिकाणी मात्र ‘खन्नास’, म्हणजे कुजबुजून मागे सरणारा. अर्थ बाजूला ठेवला तरी कान तिथेच जातो. गटे तर कवीच होता.

नंतर रशियन सैन्य आले आणि त्याच्याबरोबर बश्कीर घोडेस्वार. हे मुसलमान. जानेवारी १८१४ मध्ये त्यांनी वायमारच्या प्रॉटेस्टंट शाळेच्या सभागृहात नमाज पढला. गटे तिथे हजर होता. एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने हे मोठ्या मजेने कळवले आहे. त्यांचा मुल्ला पाहिला, त्यांच्या सरदाराचे नाट्यगृहात स्वागत केले. भेट मिळालेले धनुष्यबाण तो शेकोटीच्या वर टांगणार होता. गावातल्या धार्मिक बायकांनी वाचनालयातून कुराणाचे भाषांतर मागवले, हेही त्याने टिपले आहे. ही शेवटची गोष्ट मला फार आवडते. चर्चला जाणाऱ्या बायका परक्यांचा नमाज बघतात आणि घाबरून दार लावून घेण्याऐवजी पुस्तक मागवतात.

त्याच उन्हाळ्यात प्रकाशकाने गटेच्या हाती एक पुस्तक ठेवले: शिराझचा कवी हाफिज. चौदाव्या शतकातल्या या कवीचा दिवाण योसेफ फॉन हामर या ऑस्ट्रियन दुभाष्याने १८१२-१३ मध्ये दोन भागांत जर्मनमध्ये आणला होता. भाषांतर काही फार रसाळ नव्हते, तरी गटेने ओळखायचे ते ओळखले. हाफिज म्हणजे ज्याला कुराण मुखोद्गत आहे तो. आणि हा मुखोद्गत असलेला माणूस मदिरा, मैत्री आणि प्रेमाबद्दल गातो, ढोंगी धर्मगुरूंची टोपी उडवतो. तैमूरच्या स्वाऱ्यांचा काळ त्याने पाहिला, तसा गटेने नेपोलियनचा. गटे त्याला जुळा भाऊ म्हणू लागला.

यातून १८१९ मध्ये ‘पश्चिम-पूर्व दिवाण’ छापून आले. हे पुस्तक मराठी माणसाच्या हातात द्यावे आणि त्याचा चेहरा पाहावा. पहिल्या आवृत्तीत जर्मन मुखपृष्ठासमोर अरबी मुखपृष्ठ आहे, ‘पाश्चात्त्य लेखकाचे पौर्वात्य दिवाण’ अशा अर्थाचे. पहिल्या कवितेचे नाव हिजरतीवरून. मक्केहून मदिनेला झालेल्या प्रस्थानाचे नाव गटेने युद्धाने पोळलेल्या युरोपातून मनाने निघून जाण्याला दिले. आत बारा भाग: हाफिजनामा, इश्कनामा, हिकमतनामा, साकीनामा, तैमूरनामा, जुलेखानामा आणि असेच. जर्मन मुलांना ‘नामा’ समजावताना प्राध्यापकांना तळटीप लागते. माझ्या वर्गात पंचनामा, करारनामा, जाहीरनामा असे तीन शब्द फळ्यावर लिहिले की काम व्हायचे. दिवाण तर आपल्या घरातच असतो. कोणी त्यावर दुपारी आडवा होतो, कोणी दिवाणी कोर्टात खेटे घालतो. मूळ अर्थाच्या जवळ राहून कवितांच्या संग्रहालाही दिवाणच म्हणतात, एवढेच नवे सांगावे लागे. कागद, कलम, दौत हे शब्दही त्याच वाटेने आपल्याकडे आले. गटेला ज्या संस्कृतीपर्यंत पोचायला पासष्ट वर्षे लागली, तिच्या शब्दांनी आपण रोजचा हिशेब लिहितो आणि आपल्याला पत्ता नसतो.

आता दुसरी बाजू. मी गटेची भाट नाही. जुलेखानाम्यातल्या काही सुंदर कविता त्याच्या नाहीतच. फ्रांकफुर्टच्या मारिआने फॉन विलेमर या त्याच्या मैत्रिणीने त्या लिहिल्या, त्याने आपल्या नावावर छापल्या. जगाला हे कळले १८६९ मध्ये, बाई जाऊन नऊ वर्षे झाल्यावर. शिवाय कवितांना जोडलेल्या गद्य टिपणांत, मुहंमदांनी आपल्या लोकांवर धर्माचे काळोखे पांघरूण घातले, असेही तो लिहितो. इराण त्याने पाहिला नाही, अरबी किंवा फार्सी त्याला कधी नीट आली नाही.

आणि शाकुंतलावर जीव टाकणाऱ्या या माणसाला आपल्या देवांचा मनस्वी तिटकारा होता. एका छोट्या कवितेत त्याने ठणकावले आहे की देवांच्या दालनात जनावरे नकोत, विशेषतः हत्तीच्या सोंडा नकोत. गणेशोत्सवाच्या सुट्टीआधीच्या तासाला मी हे मुद्दाम सांगायचे. वर्गात आधी शांतता, मग हशा. एक मुलगा एकदा म्हणाला, ‘मॅडम, मग नाचला ते बरोबर नसणारच.’

मला वाटते, आपण सगळेच पश्चिमेच्या कौतुकाकडे प्रशस्तिपत्रकासारखे पाहतो. आपण गटेला शाकुंतल डोक्यावर देऊन नाचवतो. तिकडे मुसलमानांतले काही जण तो मुसलमान झाला होता असे ठामपणे सांगतात. त्याला स्वतःलाही ही हूल उठवायची हौस होती. पुस्तकाच्या १८१६ मधल्या जाहिरातीत त्याने लिहिले, की कवी मुसलमान असल्याचा संशय कोणी घेतला तर तो नाकारणार नाही. पण हे सगळे चौकटीत बसवून भिंतीवर लावण्यासाठी नाही. गटेला कोणाला प्रमाणपत्र द्यायचे नव्हते. त्याचे स्वतःचे अडले होते. युरोप जळत होता, कविता आटत चालली होती, आणि त्याला हवा बदलायची होती. कौतुक करणारा आपल्या गरजेपोटी येतो. त्या गरजेपायी त्याने किती कष्ट घेतले, यावर त्या कौतुकाची किंमत ठरते.

टॉमस कार्लाइलचे उदाहरण असेच. गटेचा अनुवादक आणि चाहता असलेल्या या स्कॉटिश लेखकाने ८ मे १८४० रोजी लंडनमध्ये ‘वीरपुरुष’ या मालेतले दुसरे व्याख्यान दिले आणि प्रेषितरूपातला वीर म्हणून निवडले मुहंमदांना. ढोंगी माणसाच्या शब्दावर कोट्यवधी लोक शतकानुशतके जगत नाहीत, असा त्याचा सरळ मुद्दा होता. ज्या लंडनकरांनी लहानपणापासून उलटेच ऐकले होते, त्यांच्यापुढे हे बोलायला धाडस लागत होते. पण कुराण वाचताना आपण कंटाळून गेलो, हेही त्याने लपवले नाही. मला ही कबुली गोड भाषणापेक्षा भरवशाची वाटते.

गटेच्या दिवाणावरची सगळ्यात चांगली टीका आणि सगळ्यात चांगला गौरव एकाच माणसाकडून आला, हेही नोंदवायला हवे. एडवर्ड सैद या पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंताने १९७८ मध्ये ‘ओरिएंटॅलिझम’ लिहून, युरोपने पुस्तकांतून आपल्या सोयीचा पूर्व कसा रचला ते दाखवले. तसा पूर्व रचणाऱ्यांत गटेही होता. त्याच सैदने १९९९ मध्ये दानिएल बारेनबोइम या संगीतकाराबरोबर अरब आणि इस्रायली तरुण वादकांना एकत्र बसवले, ते वायमारमध्ये. त्या वाद्यवृंदाला नाव दिले गटेच्या दिवाणाचे.

जर्मनमध्ये गटेच्या पाठोपाठ रुकर्ट आणि प्लाटेन या कवींनी गझल लिहून पाहिली. आपल्याकडे ते काम केले पुण्यात फार्सी शिकवणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियन यांनी. १९२५ मध्ये त्यांनी फार्सी-मराठी कोश सिद्ध केला, उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, गझल रुजवली. स्वतः हाफिजसुद्धा इकडे यायचा होता. फिरिश्ता या विजापूर दरबारच्या इतिहासकाराने लिहिले आहे, की बहमनी सुलतानाच्या बोलावण्यावरून हाफिज दख्खनला निघाला, होर्मुझला गलबतावर चढला, तेवढ्यात वादळ सुटले. तो घाबरून उतरला आणि स्वतःऐवजी गझल पाठवून दिली. बहमनींच्या गुलबर्ग्याला पोचला असता तर आपल्या दंतकथांत आणखी एक भर पडली असती.

निवृत्तीनंतर मुलीकडे येनाला गेले होते. तिथून वायमार आगगाडीने थोड्या मिनिटांवर. बेटहोफेन चौकात हाफिज आणि गटे यांचे स्मारक आहे. जुलै २००० मध्ये इराणचे अध्यक्ष खातमी आणि जर्मनीचे अध्यक्ष राउ यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. पुतळे नाहीत. ग्रॅनाइटच्या एकाच शिळेतून कापलेल्या उंच पाठीच्या दोन खुर्च्या, पूर्व-पश्चिम रेषेवर समोरासमोर ठेवलेल्या, आणि मध्ये जमिनीवर गालिच्यासारखी धातूची पट्टी. खुर्ची हा शब्दही ‘कुर्सी’ होऊन अरबीतूनच आपल्याकडे आला. मी फोटो काढून फार्सीच्या बाईंना पाठवला.

लगेच त्यांचा फोन. ‘यातली हाफिजची कोणती?’

मी म्हटले, ‘पूर्वेकडची असणार.’

‘म्हणजे तो पश्चिमेकडे बघत बसलाय.’

‘आणि गटे पूर्वेकडे.’

‘मग उभ्या काय राहिलात? बसा की गटेच्या जागेवर.’

बसले. दगड गार होता, पाठ ताठच ठेवावी लागत होती, आणि समोरची खुर्ची पाहिल्याशिवाय दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.