ठिणगी आयडलला नव्हे, रेसला तपासा

जुन्या पद्मिनीची किंवा अ‍ॅम्बेसेडरची एक तक्रार नेहमीची. गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, उभी असताना छान चालते, पण चढाला दम सोडते आणि अ‍ॅव्हरेज देत नाही. मग कार्बुरेटर उघडला जातो. खरा आरोपी पुष्कळदा डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात असतो.

सिलिंडरमधलं मिश्रण एका क्षणात पेटत नाही. प्लगपाशी निघालेली ज्योत सगळीकडे पसरायला साधारण दोन-तीन मिलिसेकंद लागतात. पिस्टन वरच्या टोकावरून खाली वळून क्रँक सुमारे 15 अंश पुढे गेला, की दाब शिखरावर हवा. म्हणून ठिणगी आधीच पडावी लागते. आता मिनिटाला 800 फेऱ्यांवर क्रँक एका मिलिसेकंदात पाच अंशही फिरत नाही. 3000 फेऱ्यांवर 18 अंश फिरतो. वेगाबरोबर आतली घुसळण वाढून ज्योतही जोराने पळते, त्यामुळे हिशेब सरळ गुणाकाराचा नाही. तरी ठिणगी पुढे ओढावी लागतेच.

फोर्डच्या मॉडेल टी गाडीत हे काम चालक स्टिअरिंगजवळच्या दांडीने करी. हँडल मारताना ती मागे घ्यायचं विसरलं, तर उलट्या झटक्याने मनगट मोडायची भीती. पुढे हेच काम डिस्ट्रिब्यूटरमधल्या वजनांकडे आणि स्प्रिंगांकडे आलं. इंजिनाचा वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि कॅम पुढे सरकतो.

आणि आपल्याकडे काय होतं? इंजिन आयडलला ठेवून, कान देऊन डिस्ट्रिब्यूटर फिरवला की टायमिंग ‘बसलं’. मला ही पद्धत अर्धवट वाटते. आयडलला वजनं मिटलेलीच असतात. त्यांचा दोष तेव्हा दिसणार कसा?

आधी फीलर गेजने पॉइंटचं अंतर लावा. पॉइंटची फायबरची टाच झिजली की अंतर घटतं, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं. म्हणून अंतर आधी, टायमिंग नंतर.

मग टायमिंग लाइट. एक नंबरच्या प्लगला ठिणगी पडते त्याच क्षणी हा दिवा लुकलुकतो, त्यामुळे फिरत्या पुलीवरची खूण थबकल्यासारखी दिसते. डिस्ट्रिब्यूटरला येणारी, हलक्या लोडला ठिणगी आणखी पुढे ओढणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि हळूहळू रेस वाढवा. खूण सलग सरकली आणि रेस सोडताच परतली, तर वजनं ठीक. हललीच नाही, तर ती गंजून अडकलेली. जराशा रेसला उडी मारली, तर स्प्रिंग सैल किंवा तुटलेली. नुसती थरथरत राहिली, तर शाफ्टचं बुश किंवा टायमिंग चेन पाहा.

इंजिन बंद करून व्हॅक्यूमच्या नळीतून तोंडाने हवा ओढा. आतली प्लेट सरकायला हवी. नुसतीच हवा आली, तर डायफ्राम फाटला आहे. पूर्ण थ्रॉटलला व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच, त्यामुळे हा दोष तिथे कळत नाही. तो निवांत चालीत पेट्रोल खातो.

अडकलेल्या वजनांची भरपाई डिस्ट्रिब्यूटर पुढे फिरवून मुळीच करू नका. सुरू होताना झटके बसतात, लोडवर नॉकिंग होतं आणि ते वाढलं तर पिस्टन फुटतो. त्यापेक्षा रोटर काढून खालच्या फेल्टवर अधूनमधून तेलाचे दोन थेंब सोडा. पॉइंटवर मात्र तेल जाऊ देऊ नका. तेलकट पॉइंट लवकर जळतात.