शार्वरी संवत्सर आणि हाट

शके १९४२ ची वर्षप्रतिपदा, २५ मार्च २०२०, आपणांपैकी कोण विसरेल? घरोघरी गुढी उभारली गेली आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागू झाली. संवत्सराचे नावही ‘शार्वरी’, म्हणजे रात्र!

शहरांनी घरबसल्या किराणा मागविण्याची वाट शोधली. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगराभोवतीच्या माडिया गावांना ती सोय कोठून असणार? त्यांची पेठ म्हणजे आठवडी बाजार. चैत्र हा मोहफुलांचा हंगाम. वाळविलेला मोह हाटात विकावा आणि मीठ, तेल, कापड घेऊन परतावे, हा तेथील रिवाज. नेमका त्याच वेळी बाजार बंद झाला. राज्यात आठवडी बाजारांना पुन्हा अनुमती मिळाली ती १५ ऑक्टोबर २०२० पासून; तोवर त्या वर्षीचा मोह कधीच गळून गेला होता.

संस्कृतातील ‘हट्ट’ म्हणजे बाजार, त्यावरूनच ‘हाट’. तेथे केवळ जिनसा मिळत नाहीत. लेकीचा निरोप मिळतो, आजाऱ्याची खबर कळते, सोयरीक जुळते. घरपोच पुडक्यातून यांतले काय येणार?

साथ ओसरली, सवय मात्र उरली. आम्हीही त्या सवयीला अपवाद नाही. म्हणून हा उपदेश प्रथम आम्हांलाच. पाडव्याची कडुनिंबाची डहाळी आणि साखरेची गाठी बाजारात बसलेल्या माउलीकडूनच घ्यावी, तीही घासाघीस न करता. तिची टोपली रिकामी होईल, तेव्हाच आपली गुढी खरी उभी राहिली असे आम्ही मानू.