पोर्ट मोजण्यापूर्वी वाहतूक ओळखावी
घरातील नेटवर्क वाढवताना इथरनेट स्विचची निवड

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूरसारख्या गावात फायबरची जोडणी घरापर्यंत आली, की तिच्यामागोमाग टीव्ही, संगणक, प्रिंटर आणि सीसीटीव्ही कॅमेरे केबलने जोडण्याची गरज भासू लागते. राउटरला मात्र त्यासाठी बहुधा चारच पोर्ट असतात. ही उणीव इथरनेट स्विच भरून काढतो. परंतु तो निवडताना पोर्टची संख्या आणि किंमत एवढेच पाहिले जाते आणि घरातील माहिती कोठून कोठे जाते, हा मूळ प्रश्न बाजूला राहतो.

१९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडलेल्या इथरनेटमध्ये सर्व संगणक एकाच केबलवर असत, त्यामुळे एका वेळी एकालाच संदेश पाठवता येई. १९९० मध्ये विनोद भारद्वाज सहसंस्थापक असलेल्या ‘कल्पना’ या अमेरिकी कंपनीने सात पोर्टचा स्विच बाजारात आणून ही अडचण दूर केली. प्रत्येक उपकरणाला ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे त्याची जन्मजात ओळख, असतो. आलेल्या संदेशावरील प्रेषकाचा पत्ता कोणत्या पोर्टवरचा आहे याची स्विच नोंद ठेवतो आणि पुढे त्या पत्त्याचे संदेश केवळ त्याच पोर्टकडे धाडतो. त्यामुळे कॅमेऱ्याचे चित्रण रेकॉर्डरकडे जात असतानाच संगणक प्रिंटरशी विनाअडथळा बोलू शकतो.

इंटरनेटची जोडणी सेकंदाला १०० मेगाबिटांची असेल, तर गिगाबिट स्विच लावल्याने ती वेगवान होत नाही. लाभ होतो तो घरातल्या घरात होणाऱ्या वाहतुकीला. ५० गिगाबाइटचे चित्रण एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्यास १०० मेगाबिटांच्या स्विचवर तासाहून अधिक वेळ लागतो, तर गिगाबिट स्विचवर हेच काम सुमारे सात मिनिटांत होऊ शकते. मात्र गिगाबिटसाठी केबलमधील तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात. एखादी तार तुटली, की वेग १०० मेगाबिटांवर घसरू शकतो आणि दोष विनाकारण स्विचला दिला जातो. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलऐवजी शुद्ध तांब्याची ‘कॅट-६’ केबल घेणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते.

कॅमेऱ्यांना त्याच केबलमधून वीजही द्यायची असेल, तर ‘पीओई’ सोय असलेला स्विच लागतो. मूळ मानकानुसार असा पोर्ट १५.४ वॉटपर्यंत वीज देतो. तथापि सर्व पोर्टची मिळून एक कमाल मर्यादा असते आणि रात्री अवरक्त दिवे लागल्यावर कॅमेऱ्यांची मागणी वाढते, म्हणून बेरीज रात्रीच्या मागणीची करावी.

तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटरची आहे. औंढा नागनाथ तालुक्यातच नियोजित असलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांइतके अंतर कापण्यास जसा प्रकाशतंतूच हवा, तसाच तो दूरच्या शेतातील आखाड्यावरील कॅमेऱ्यासाठीही हवा. शिवाय काच वीजवाहक नसल्याने वळवाच्या पावसात विजेचा धक्का त्या वाटेने घरात शिरत नाही. अशा ठिकाणी ‘एसएफपी’ खाच असलेला स्विच घ्यावा, कारण तीत फायबरचे मॉड्यूल बसते.

वाहतुकीचे विभाग पाडू देणारा ‘मॅनेज्ड’ स्विच बहुतेक घरांना लागत नाही. तेथे आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच पुरेसा असतो. वीज गेल्यावरही कॅमेरे चालू राहावेत असे वाटत असेल, तर रेकॉर्डरसोबत हा स्विचही इन्व्हर्टरवर घ्यावा लागतो.