व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर : खरेदी आणि पारख

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याण सोडले की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे लागोपाठ येतात. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबे आली आणि १९४९ साली त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. हाती येईल त्या साहित्यातून विकाऊ वस्तू घडविण्याचे कसब तेथे असे रुजले की ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद सर्वतोमुखी झाला. त्या विनोदात व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. शिक्का कोणीही मारू शकतो. मालाची पारख मात्र घेणाऱ्यालाच करावी लागते.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरी बांधू पाहणाऱ्या हौशी मंडळींना ही पारख पावलोपावली लागते. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली लागला आणि पुढे काचेचे व्हॉल्व्ह घराघरांतून हद्दपार झाले. तरीही त्यांच्या आवाजाची गोडी ज्यांना आहे, ते आजही स्वतः अ‍ॅम्प्लिफायर जुळवितात. तयार यंत्राची किंमत ऐकून मागे फिरलेल्या तरुणास हा मार्ग परवडतो. पण कोठे काटकसर करावी आणि कोठे करू नये, हे आधी ठरले पाहिजे.

नवशिक्याने लहान आराखडा घ्यावा. दोन्ही बाजूंसाठी मिळून एक ईसीसी८३ आणि प्रत्येक बाजूस एक ईएल८४ एवढ्या तीन व्हॉल्व्हवर दर बाजूस सुमारे ५ वॅटचा आवाज मिळतो. आकडा लहान वाटला, तरी चांगला स्पीकर असल्यास घरातील एका खोलीला तो पुरतो.

बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओच्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले होते. ते जुने देशी व्हॉल्व्ह मुंबईच्या चोरबाजारात किंवा एखाद्या वृद्ध रेडिओ मिस्त्रीच्या कपाटात अजून सापडतात. नवा माल रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथून येतो. जुन्या व्हॉल्व्हवरील छपाई पुसून नामवंत कंपनीचे नाव छापण्याचा उद्योग जगभर चालतो. म्हणून नावासाठी जास्त पैसे मोजू नयेत. काचेच्या आत माथ्याशी चंदेरी झाक असावी; ती पांढरी पडली असेल तर आत हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह निकामी आहे. ईएल८४ ऐवजी यूएल८४ गळ्यात मारला जात नाही ना, हेही पाहावे. पहिल्याच्या तंतूस ६.३ व्होल्ट लागतात, तर दुसऱ्याच्या तंतूस ४५. दोहोंचा घाट सारखाच असल्याने नुसत्या नजरेने फसगत होते.

खरा खर्च ट्रान्सफॉर्मरचा. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. लोखंड आणि तांबे हलके असेल तर महागडा व्हॉल्व्हही आवाज सुधारू शकत नाही. सुदैवाने पंखे, मोटारी आणि स्टॅबिलायझर यांचे वाइंडिंग करणारे कारागीर आपल्या गावांत मिळतात. त्यांच्याकडे कागदावर हिशेब लिहून न्यावा. दोन ईएल८४ चे तंतू प्रत्येकी ०.७६ अँपिअर आणि ईसीसी८३ चा ०.३ असे एकूण १.८२ अँपिअर होतात, तेव्हा ६.३ व्होल्टचे वाइंडिंग ३ अँपिअरचे मागावे. उच्च दाबाच्या बाजूस सुमारे ११० मिलिअँपिअर खर्च होतात, तेथे १५० ची तरतूद असावी.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा हिशेबही सोपा आहे. व्हॉल्व्हला सुमारे ५,२०० ओहम हवे असतात आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. भागाकार ६५०, त्याचे वर्गमूळ साधारण २५.५. म्हणजे स्पीकरकडील १०० वेढ्यांस व्हॉल्व्हकडील २,५५० वेढे. येथे कारागिरास एक गोष्ट आवर्जून सांगावी. नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तो ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या पट्ट्या आलटून-पालटून भरतो. या ट्रान्सफॉर्मरमधून एकाच दिशेचा प्रवाह सतत वाहत असल्याने सर्व ‘ई’ एका बाजूस, सर्व ‘आय’ दुसऱ्या बाजूस आणि मध्ये पातळ कागद ठेवावा लागतो. हे न सांगितल्यास काम सुबक दिसेल, पण लोखंड चुंबकत्वाने तुडुंब भरून खर्जाचा आवाज फाटेल.

रेझिस्टन्स, कपॅसिटर आणि सॉकेट यांसाठी ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडची एक फेरी पुरेशी होते. पत्र्याचा सांगाडा फॅब्रिकेशनच्या लहान शेडमध्ये, तर लाकडी चौकट उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सांगून करवून घेता येते. या दोन बाबतींत मनसोक्त घासाघीस करावी. फिल्टरचे कपॅसिटर मात्र नवेच आणि ४५० व्होल्टचे घ्यावेत.

सुरक्षिततेच्या बाबतीत एक पैसाही वाचवू नये. या यंत्रात २५० ते ३०० व्होल्टचा दाब खेळतो आणि वीज बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये दबा धरून राहतो. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर २२० किलोओहमचा २ वॅटचा रेझिस्टन्स कायम जोडला, तर साधारण दोन मिनिटांत तो साठा ओसरतो. तरीही हात घालण्यापूर्वी मीटर लावून खात्री करावी. सांगाड्यास अर्थिंग, वाटेत फ्यूज आणि तापलेल्या काचेला मुलांचे हात लागू नयेत म्हणून वर जाळी, ही तिन्ही असलीच पाहिजेत. जुने एसी-डीसी रेडिओ मोडताना त्यांच्या सांगाड्यातच वीज उतरलेली असू शकते. प्लग काढल्याशिवाय त्यांना स्पर्श करू नये.

पहिली चाचणी अनुभवी मिस्त्रीच्या देखरेखीखाली, सीरिज बल्ब लावून आणि स्पीकर जोडूनच घ्यावी. स्पीकरविना आवाज सोडल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मग ईएल८४ च्या कॅथोडवरील १३० ओहमच्या रेझिस्टन्सवर मीटर धरावा. ७ व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर व्हॉल्व्हमधून सुमारे ५४ मिलिअँपिअर वाहत आहेत आणि त्याची प्रकृती ठीक आहे. ३ किंवा ४ व्होल्टच मिळाले, तर बाकीची जोडणी तपासावी. ती बिनचूक असेल तर तो व्हॉल्व्ह थकलेला आहे, मग त्याच्यावर कोणत्याही देशाचे नाव असो.

खरेदी करतानाच दुकानदाराशी आठ दिवसांत परतीचा शब्द ठरवून घ्यावा आणि मोजलेले आकडे तारखेसह वहीत टिपावेत. पुढे वर्षभराने आवाज मंदावला, तर हीच वही दोष कोठे आहे ते दाखवील आणि अख्खा संच बदलण्याऐवजी एखाद्या व्हॉल्व्हवरच काम भागेल.