स्टेरॉईडचे उपकार आणि हाडांचे देणे

२०२१ च्या एप्रिलमध्ये नाशिकने जे सोसले ते या शहराला विसरता येणार नाही. प्राणवायूइतकाच त्या दिवसांत स्टेरॉईडचाही बोलबाला होता, आणि तो निराधार नव्हता. डेक्सामेथासोनच्या रोजच्या ६ मिलिग्रॅम मात्रेने, तीही फार तर १० दिवस, कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने २०२० मध्येच दाखवून दिले होते. मात्र ज्यांना प्राणवायू लागतच नव्हता त्यांना या औषधाचा लाभ झाला नाही, हा त्याच चाचणीचा दुसरा निष्कर्ष घाबरलेल्या घरांपर्यंत क्वचितच पोचला.

स्टेरॉईड आणि हाड यांचे वैर जुने आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ साली संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन टोचले आणि काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक या शोधाला मिळाले. परंतु शरीरात याच जातीचे द्रव्य अतोनात वाढलेल्या रोग्यांची हाडे ठिसूळ होतात, हे हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्येच नोंदवून ठेवले होते.

हाड म्हणजे निर्जीव तुळई नव्हे. काही पेशी जुने हाड विरघळवितात, काही त्या जागी नवे रचतात. जन्मभर ही डागडुजी चालू असते. स्टेरॉईडचा घाव मुख्यतः रचणाऱ्या पेशींवर पडतो. मज्जेतील ज्या मूळ पेशींनी अस्थिजनक व्हावयाचे, त्या चरबीच्या वाटेला लागतात. ज्या कामावर असतात, त्या अकाली मरतात. विरघळविणाऱ्या पेशींचे आयुष्य मात्र प्रारंभी वाढते. आतड्यातून कॅल्शियमही कमी शोषले जाते. पाडणारे हात तेवढेच आणि बांधणारे निम्मे, अशी ही अवस्था. झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते, आणि मणका पिचेपर्यंत रुग्णाला तिचा पत्ता नसतो. उलट सांधे दुखायचे थांबले म्हणून तो औषधाला दुवा देत असतो.

म्हणून औषधच वाईट ठरविणे हा शुद्ध अविचार होय. दम्याच्या, संधिवाताच्या असंख्य रुग्णांना त्याने जगविले आहे. दीर्घकाळ घेतलेली गोळी भीतीपोटी एकाएकी सोडणे तर जिवावर बेतू शकते, कारण शरीराची स्वतःची निर्मिती तोवर मंदावलेली असते. आक्षेप आहे तो बेहिशेबी वापराला. कायद्याने हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही. तरीही जुनी चिठ्ठी वर्षानुवर्षे चालते आणि गुडघेदुखीच्या निनावी पुड्यांतून तेच पोटात जाते.

राज्यातील ॲलोपथी, आयुर्वेद, होमिओपथी अशा सर्व शाखांची महाविद्यालये ज्याच्या छत्राखाली येतात, ते आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ ही गोळी घेणाऱ्याच्या हाडांची घनता तपासावी, कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व द्यावे, गरज पडल्यास हाडे राखणारे औषध जोडावे, हे वैद्यकाला ठाऊक आहेच. तेथे शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने स्टेरॉईडच्या चिठ्ठीवर मात्रेबरोबर ती कधी व कशी उतरवावयाची, ती तारीखही लिहावी, एवढा दंडक विद्यापीठाला घालून देता येईल.