दुसरी सही

बाळकुम नाक्यावरून भिवंडीच्या रस्त्याला लागलात की थोड्याच वेळात खाडीवरचा पूल येतो आणि पुलापलीकडे कशेळी. दोन्ही काठांवर सारख्याच उंच इमारती, तेच गेट, तेच वॉचमन. खालचे पाणीही तेच. पण पुलाच्या अलीकडचा माणूस महानगरपालिकेचा नागरिक आणि पलीकडचा ग्रामपंचायतीचा ग्रामस्थ. अलीकडे आयुक्त, पलीकडे सरपंच. विसाव्या मजल्यावर राहणाऱ्याला ग्रामस्थ म्हणताना जीभ जरा अडखळते, पण कायद्याला मजले दिसत नाहीत, हद्द दिसते.

आम्हीही एके काळी ग्रामस्थच होतो. म्हणजे बाळकुम होते. मी नंतर राहायला आलो. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि आसपासची बत्तीस गावे तिच्यात गेली, त्यात बाळकुम आले. ठाण्याची नगरपालिका १८६३ सालची. ती त्या दिवशी मोठी झाली आणि आमची ग्रामपंचायत संपली. आमच्या गल्लीत ऐंशी ओलांडलेले एक आगरी गृहस्थ आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. ते सांगतात, “सरपंच पारावर भेटायचा. पटलं नाही तर तोंडावर सांगायचो. तोही तोंडावर सांगायचा, आधी घरपट्टी भर!”

दादांचे ऐकताना मला माझी खेड्यातली शाखा आठवते. बँकेत नवा अधिकारी म्हणून मुरबाड तालुक्यात गेलो, तेव्हा ग्रामपंचायतींची खाती माझ्या टेबलावर होती. ग्रामपंचायतीचा चेक दोन सह्यांशिवाय वटत नसे: एक सरपंचाची, एक ग्रामसेवकाची. (ग्रामसेवकाला हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. काम तेच.) एक लोकांनी निवडून दिलेला, दुसरा सरकारने नेमलेला. दोघांचे पटत नसले की चेक आठ-आठ दिवस येत नसे आणि गाव शिव्या घाली. मला मात्र त्या भांडणातच राज्यघटना दिसायची. पुस्तकात ती मोठी भारदस्त वाटते. काउंटरवर ती दोन सह्यांची असते. शिवाय वर ग्रामसभा. आज कायद्याने ती वर्षातून किमान चारदा घ्यावी लागते आणि गावातला कोणीही मतदार उठून जमाखर्चाबद्दल विचारू शकतो. विचारणारे थोडेच असतात, ही गोष्ट वेगळी.

शहराची रचना याहून गुंतागुंतीची, आणि ती मुंबईकडून आली. १८८८ च्या मुंबईच्या कायद्याने कारभार वाटून दिला: धोरण ठरवणारे निवडून आलेले सभागृह, पैशावर नजर ठेवणारी स्थायी समिती, आणि काम करून घेणारा, सरकारने नेमलेला आयुक्त. इतर शहरांसाठीचा १९४९ चा कायदा याच वळणाचा, ठाणे त्याच कायद्याखाली. त्यात महापौर सभा चालवतो, शहराचा पहिला नागरिक म्हणून मिरवतो. पण खड्डा बुजवण्याचा हुकूम त्याच्या अखत्यारीत नाही. तो आयुक्ताच्या. स्थायी समितीत सोळा सदस्य, त्यातले निम्मे दर वर्षी निवृत्त होतात, आणि मोठे कंत्राट तिच्या मंजुरीशिवाय देता येत नाही. आयुक्त अगदीच नकोसा झाला तर एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश मतांनी त्याला परत पाठवता येते. पाच-अष्टमांश! हा अपूर्णांक शोधणाऱ्याला मी माझ्या शाखेत हिशेबनीस नेमले असते.

ही रचना वाईट आहे असे मी म्हणत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस टी. चंद्रशेखर ठाण्याचे आयुक्त होते. त्यांनी रस्ते रुंद केले, ते अजून ठाणेकरांच्या तोंडी आहे. त्यांना कोणी मत दिले नव्हते, बहुधा म्हणूनच ते करू शकले. आणि दादांच्या पारावरच्या सरपंचाने अग्निशमन केंद्र कुठून आणले असते? आज ते बाळकुमात आहे. २०२० मध्ये करोनाने शहर हवालदिल झाले, तेव्हा एक हजारांहून अधिक खाटांचे रुग्णालय याच बाळकुम-साकेतच्या बाजूला उभे राहिले. ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली ही कामे नव्हेत.

माझी तक्रार आहे ती सहीबद्दल. बँकेत पहिल्या दिवशी शिकवतात की व्हाउचर लिहिणारा आणि ते पास करणारा एकच माणूस असता कामा नये. लिहिणारा कितीही सज्जन असो. हा नियम त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही, त्याच्या रक्षणासाठीही आहे. आता ठाण्याचे पाहा. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न, प्रभागांची फेररचना, सर्वोच्च न्यायालयातल्या तारखा, यांत निवडणूक पुढे पुढे जात राहिली. अखेर मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितले आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. मधल्या जवळपास चार वर्षांत प्रस्ताव मांडणारा आयुक्त, तो मंजूर करणारी स्थायी समिती आणि अंदाजपत्रक संमत करणारे सभागृह, या तिन्ही जागांवर एकच सही होती. त्या सहीने गैर काही केले असे मला मुळीच सुचवायचे नाही. पण एका सहीवर पास झालेले व्हाउचर माझ्या टेबलावर आले असते, तर मी ते परत पाठवले असते.

गंमत अशी की सुरुवातही तशीच झाली होती. १९८२ ला महानगरपालिका झाली. पहिली निवडणूक १९८६ ला, तेव्हा सतीश प्रधान पहिले महापौर झाले. तोवर प्रशासक. त्या वेळी निदान घटनेत काही लिहिलेले नव्हते. १९९३ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर ते स्पष्ट लिहिले गेले: मुदत पाच वर्षांची आणि निवडणूक ती संपण्यापूर्वी. लिहिलेले असूनही चार वर्षे गेली. आपण मतदारांनी फारशी आरडाओरड केली नाही, हे मला अधिक लागते. पाणी एक दिवस आले नाही तर सोसायटीत केवढी सभा भरते!

पाण्यावरून आठवले. आमच्या नळाला येणारे पाणी महापालिकेचे, पण महापालिका ते आपल्या योजनेखेरीज स्टेमकडून, एमआयडीसीकडून आणि मुंबई महापालिकेकडूनही घेते. मेट्रोचे खांब एमएमआरडीएचे. वीज महावितरणची, पोलीस गृहखात्याचे, सातबारा जिल्हाधिकाऱ्यांच्या महसूल खात्याचा. यातल्या बहुतेकांचा वरचा धागा मंत्रालयात जातो. आता पैशाचाही. एके काळी जकात महापालिका स्वतः गोळा करी. २०१३ मध्ये तिच्या जागी एलबीटी आली आणि जुलै २०१७ पासून जीएसटी. तेव्हापासून त्या उत्पन्नाच्या बदल्यात राज्य सरकार दरमहा भरपाई देते. रक्कम दर वर्षी वाढवून मिळते, हे खरे. पण कमावता मुलगा दरमहा वडिलांकडून खर्चाला पैसे घेऊ लागला की घरात त्याचा आवाज जरा खाली येतोच.

कल्याणजवळच्या सत्तावीस गावांना हे सगळे आमच्याआधी कळले असावे. १९८३ मध्ये ती कल्याण महानगरपालिकेत गेली, नको म्हणून लढली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यातली अठरा वेगळी काढायचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो रद्द केला. लोक याला राजकारण म्हणतात, आणि त्यात ते होतेही. पण घरपट्टीची आणि जमिनीवर पडणाऱ्या आरक्षणांची भीती जितकी होती, तितकीच पारावरचा माणूस हरवण्याची असेल, असे मला वाटते.

जानेवारीत मतदान करून दादा आले ते माझ्याकडेच. १३१ नगरसेवक, बहुतेक प्रभागांत चार-चार. म्हणजे एका मतदाराने चार बटणे दाबायची.

“मॅनेजर, चार दाबली,” ते म्हणाले. “आता गटाराचं कोणाला सांगायचं?”

“चौघांनाही.”

“आणि चौघं एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर?”

मी म्हटले, मग आयुक्तांना. दादा थोडा वेळ गप्प राहिले. नंतर त्यांनी विचारले, “ते कुठं राहतात?” मला बंगला कुठे आहे ते ठाऊक होते, पण दादांना पत्ता नको होता. त्यांनी चहा घेतला आणि गटार पाहून येतो म्हणून काठी घेऊन निघाले.