पोटातली वस्ती (लेखांक ६) : गोळी खाल्ली, तरी आव का पडते?

१० फेब्रुवारीला शाळेत, अंगणवाडीत मुलांना जंताची गोळी चावून खायला देतात. जे राहिले त्यांना आठवड्याने. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली सुरू झाला, आता लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या खेड्यांतली पोरंही गोळीला सरावलीत. तरी मूल कुंथायला लागलं, चिकट आव पडू लागली की आई आशाताईंना हटकते, "गोळी तर खाल्ली होती की हो!"

खाल्ली होती, खरं आहे. ती अल्बेंडाझोलची, ४०० मिलिग्रॅमची गोळी. तिने गोल जंत आणि अंकुशकृमींना साखर शोषता येईनाशी होते, ते उपाशी मरतात. चाबूककृमीवर एका गोळीचा असर तोकडाच. आणि ही आव पाडणारा अमीबा मुळात जंतच नाही. एका पेशीचा हा जीव या गोळीला दाद देत नाही.

तो ओळखायचा तर शौचाचा नमुना तपासायला हवा, आणि घोडं इथेच अडतं. लघवीची बाटली माणूस बिनदिक्कत काउंटरवर ठेवतो. शौचाची डबी मात्र कागदात, कागद पिशवीत, आणि नमुना आदल्या रात्रीचा! हलणारा अमीबा पाहायला नमुना अर्ध्या तासाच्या आतला लागतो. खेड्यातून सकाळच्या एसटीने औशाला पोचेपर्यंतच ती वेळ टळते, म्हणून लॅबमध्ये जाऊनच नमुना द्यावा हे बरं. शिवाय सिस्ट, म्हणजे अमीबाचं कवचातलं रूप, रोज पडतेच असं नाही. दिवसाआड तीन नमुने दिल्याशिवाय 'काही नाही' या रिपोर्टवर मी तरी विसंबणार नाही. डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने १६८१ साली स्वतःचे जुलाब भिंगाखाली धरले आणि त्याला जिआर्डिया हा आतड्यातला दुसरा एकपेशीय जीव दिसला. आपण साधी डबी द्यायला लाजतो.

उलट, रिपोर्टवर 'ई. हिस्टोलिटिका सिस्ट' (ई. हिस्टोलिटिका हे आव पाडणाऱ्या अमीबाचं नाव) लिहून आलं म्हणजे तीच असेल असंही नाही. ई. डिस्पार नावाचा तिचा निरुपद्रवी जुळा भाऊ सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसाच दिसतो. अमीबाने तांबड्या पेशी गिळलेल्या दिसल्या तर शंका उरत नाही. एरवी अँटिजेन चाचणी करावी लागते.

ही सिस्ट येते पाण्यातून, हातांवरून. एप्रिल २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ते दिवस इकडे कोणी विसरलेलं नाही. पाणी तुटलं की पहिली काट हात धुण्यावर बसते. बॅरलमधल्या टँकरच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली की पटकीचे जंतू मरतात, पण सिस्ट नेहमीच्या क्लोरीनला पुरून उरते. उकळलं की मात्र मरते.

औषध दोन टप्प्यांत घ्यायचं असतं. मेट्रोनिडाझोलने आतड्याच्या भिंतीत घुसलेला अमीबा मरतो; या गोळ्या चालू असताना दारू वर्ज्य. चार दिवसांत आव थांबते आणि बहुतेकजण दवाखान्याकडे पाठ फिरवतात. आतड्याच्या पोकळीत उरलेल्या सिस्टसाठी डायलोक्झानाइडच्या गोळ्या पुढे दहा दिवस घ्यायच्या असतात, त्या चिठ्ठीवरच राहतात. मग तोच माणूस घरातल्यांना अमीबा वाटत फिरतो.

उजव्या बरगडीखाली दुखून थंडीताप येत असेल, तर अमीबा यकृतात पोचून गळू झालेलं असू शकतं. अशा वेळी शौचात बहुधा काहीच सापडत नाही. डबीच्या नादी न लागता थेट सोनोग्राफी करून घ्यावी.